परत गेलेला ईमेल

मी बोलतोय, पण माझा पडदा फुटलेला आहे. अमरावतीच्या एका महिला मदत केंद्रातला मी संगणक. केंद्र चालवणाऱ्या कहकशाँताई रोज सकाळी ओढणीनं माझी धूळ पुसायच्या.

उन्हाळ्यात केंद्राची वेबसाइट नव्या कंपनीकडे गेली. ती झकास दिसू लागली, पण ईमेल यायचे थांबले.

"लोकं सुधरले वाट्टे," चौकीदार धर्मेंद्रभाऊ हसले.

मग एका दुपारी अकोल्याहून वर्षाली आली. ओठ फाटलेला, डावा हात साडीच्या चिंधीत अडकवलेला.

"घरात बोललं का ऐकू जाते, म्हणून मी तुमाले ईमेल लिवला होता ताई. तो परत आला, तवा मोबाइल नवऱ्याच्या हातात होता. त्यानं वाचलं अन् मुसळ उचललं. हाड मोडलेलं मले ऐकू आलं. काहून आला तो परत?"

कहकशाँताईंनी रागिणीला बोलावलं. आमच्या यंत्रांचं तीच पाहायची. तिनं माझ्यावर बराच वेळ शोधलं आणि कपाळावर हात मारला.

"केंद्राच्या नावानं आलेले ईमेल कुठं पोचवायचे, ती नोंद जुन्याच सर्व्हरची हाय. तो तर बंद पडला. वेबसाइट हलवली, पण ईमेलचा पत्ता कोणी बदललाच नाही."

ती नोंद सुधारत होती, तेवढ्यात दार धाडकन आपटलं. वर्षालीचा नवरा जीवन लोखंडी पाइप घेऊन आत शिरला.

"माही बायको काढा भायेर!"

धर्मेंद्रभाऊ आडवे आले. पाइप त्यांच्या डोक्यात बसला, रक्त माझ्या कळांवर उडालं. पुढचा घाव माझ्यावर. पडदा फुटला, काचा रागिणीच्या हातात घुसल्या. पाइप कहकशाँताईंवर उगारला, तोच वर्षालीनं एका हातानं स्टूल उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. पाइप खाली पडला. ती मारतच राहिली. शेवटी ताईंनी तिला मिठी मारली.

"बस, बेटा. बस."

जीवनला पोलिसांनी नेलं. धर्मेंद्रभाऊ दवाखान्यातून परतले, पण त्यांना एका कानानं ऐकू येत नाही.

रागिणीनं हाताला पट्टी बांधून उरलेलं काम दुसऱ्या यंत्रावर पूर्ण केलं. दुसऱ्याच दिवशी ईमेल येऊ लागले. एवढ्या बाया इतके दिवस लिहीत होत्या आणि त्यांचे ईमेल परत जात होते, म्हणून ताई रडल्या.

मला आता भंगारात द्यायचं ठरलंय. जाण्याआधी एवढंच मागतो. वेबसाइट हलवली की आपल्याच पत्त्यावर एक ईमेल पाठवून पाहा. पलीकडे कोणीतरी दाराकडे कान लावून लिहीत असते.