मावशीची अंगठी

आधीच सांगते, मावशी कुणाचीच मावशी नाही. घर तिचं, खोल्या तिच्या, गिऱ्हाईक आत सोडणारी तीच, म्हणून आम्ही सहाजणी तिला मावशी म्हणतो. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्याने काढली त्याला आमच्याकडे आठ दिवस ठेवायला हवं होतं.

आमचा धंदा काय ते कळलंच असेल. मला त्याची लाज वाटत नाही. लाजायचं काम गिऱ्हाइकं चोख करतात. रस्त्यात समोर आली की दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात.

मावशीच्या बोटात जाड चांदीची अंगठी आहे. खोलीतली वेळ संपली की ती बाहेरून दारावर अंगठीने दोनदा टकटक करते. दुसऱ्या टकटकीला बाई उभी हवी, मग गिऱ्हाइकाची बायकोबद्दलची तक्रार अर्धीच सांगून झालेली असली तरी. नऊ वर्षं मी अशी उठतेय.

भांडण झालं ते धाकटीवरून. आमच्यातली सगळ्यांत लहान ती. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरीणबाईंनी महिनाभर विश्रांती सांगितली, आणि पाचव्या दिवशी मावशीने तिची पेटी जिन्यात ठेवली. म्हणे, काम नाही तर खोली नाही. पोरीने जावं कुठे? आईने कधीच दार लावून घेतलंय, आणि आमचं नाव ऐकून भाड्याने खोली देणारा अजून जन्माला यायचाय. मी पेटी उचलून माझ्या खोलीत आणली आणि कामगार कार्यालयात अर्ज ठोकला. मावशी म्हणाली, "अर्ज फेटाळला जाऊ दे, की दोघींच्या पेट्या जिन्यात." घरात मला उगाच वकीलीण म्हणत नाहीत. म्हटलं, होऊन जाऊ दे.

तारखेला सहाजणी गेलो. बाकावर बसलो तर आधीची माणसं उठून भिंतीला टेकली. बरंच झालं, धाकटीला पाय लांब करता आले. कारकूनबाईंनी सहीला पेन दिलं ते दोन बोटांच्या चिमटीत, आणि परत घेतलं ते रुमालात.

"बाई, नुसती सहीच केलीय त्याने," मी म्हटलं.

व्यवसायाच्या रकान्याशी त्या अडल्या. "इथे काय लिहू?"

"करतो तेच लिहा."

त्यांनी 'इतर' लिहिलं.

आत साहेब निवृत्तीला टेकलेले. मावशी त्यांच्यासमोर तोंडात साखर घोळवत होती. "या माझ्या कामगार कसल्या, साहेब? भाडेकरू आहेत. आपापल्या मर्जीच्या राण्या. मी कुणाला ऊठ म्हणत नाही की बस म्हणत नाही."

साहेबांनी मला विचारलं, "यांच्या हुकुमात काम करता याला पुरावा काय? नेमणूकपत्र वगैरे?"

नेमणूकपत्र! आमच्या खोलीच्या दाराला धड कडी नाही. शेजारी धाकटी पोटावर हात धरून बसली होती आणि मी तिला काय तोंड दाखवणार होते? पुरावा नसला की मी बोलत सुटते. नळाचं सांगितलं, न उघडणाऱ्या खिडक्यांचं सांगितलं, तापात काम केल्याचं सांगितलं. साहेबांनी जांभई दाबली. मावशी कंटाळली. तिने सवयीने टेबलावर अंगठी आपटली.

टक, टक.

सहाही जणी उभ्या. मी बोलता बोलता, वाक्य तोंडात तसंच ठेवून. धाकटी टाके धरून, ओठ चावत उठली होती.

साहेब आमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या पेनाने टेबलावर दोनदा वाजवलं. कुणी हललं नाही.

"तुमच्याने नाही व्हायचं, साहेब," मी म्हटलं. "ती अंगठीच लागते."

"बसा," साहेब म्हणाले, आणि मावशीकडे वळले. "आता यांना कोणी उठवलं, बाई?"

मावशीने हात मांडीखाली लपवला. मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

हुकूम झाला: खोली धाकटीची, महिनाभर विश्रांती, आजारपणात कुणाची पेटी हलायची नाही. कारकूनबाईंनी 'इतर' खोडून 'कामगार' लिहिलं. पेन अजून रुमालातच होतं. म्हटलं, असू दे, एका दिवसात किती व्हायचं.

परवा दुपारी मी खोलीत केस विंचरत होते. मावशी बाहेरून चालली होती. हाताची खोड, दुसरं काय, शेजारी धाकटीच्या दारावर टकटक झाली.

"मी झोपलेय, मावशी," आतून आवाज आला. पलंग करकरला, पोरीने कूस बदलली असावी.

मावशी जराशी थांबली आणि निघून गेली. मी हसायला लागले. मग लक्षात आलं, हातात फणी घेऊन मी उभी आहे.