मी बांधलेलाच होतो

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही, पायाच्या घोट्याचा. मधे कोणी बोलू नका. मला शाळा नाही, जमेल तसं सांगतो. पण जे सांगतो ते नऊ वर्षं पोटात ठेवलेलं आहे.

जन्म अकोल्याचा. तिथं गोवर्धन नावाचा माणूस टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचा. मी आधी घोड्याच्या पोटाखालचा तंग होतो. घोडा म्हातारा झाला, तंग झिजला, त्यातला वीत-दीड वीत चांगला तुकडा गोवर्धननं कापून बाजूला टाकला. तोच मी. अर्धं आयुष्य घोड्याच्या पोटाखाली गेलं, त्यामुळे माणसांचं मला फार कौतुक नाही. घोडा लंगडला की उभा राहतो. मारा, ओढा, हलत नाही. माणूस लंगडला की म्हणतो, काही झालं नाही. आणि दुप्पट चालून दाखवतो.

एक्कावन्न साली पुंजाजी दुकानात आला. धामणगाव रेल्वेचा. तिथल्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. त्याचं काम असं, की टांगलेल्या मोठ्या बोऱ्यात उतरायचं आणि वरून टाकलेली रुई पायानं तुडवून दाबायची. बोरा भरत जातो तसा माणूस वर येत जातो. रुई मऊ म्हणून लोकांना काम मऊ वाटतं. मऊ जागीच पाय मुरगळतो. पुंजाजीचा उजवा घोटा इतक्या वेळा बाहेरच्या अंगाला कलंडला होता, की हाडाला हाड बांधणारी आतली दोरी ढिली पडली होती. सपाट रस्त्यावरसुद्धा पाय दगा द्यायचा.

"काकाजी, पाय धरून ठेवीन असं काहीतरी शिवून द्या," तो म्हणाला.

"मी घोड्याचं शिवतो बाप्पा."

"मंग घोडाच समजा मले. चारा नाई मागत."

गोवर्धन हसला. त्यानं मला पाण्यात भिजवलं, ओलंच पुंजाजीच्या घोट्यावर गुंडाळलं आणि दुपारभर त्याला बाकावर बसवून ठेवलं. मी वाळलो तो त्या घोट्याच्या आकारात. बाहेरचं हाड वर येतं ना, तिथं माझ्यात खळगा पडला. अंगठा मावेल एवढा. वर एक जाड बक्कल लावलं. तो खळगा अजून आहे. पाय नाही.

दोन वर्षांनी अमरावतीला एका डॉक्टरनं घोटा हलवून पाहिला. म्हणाला, नागपूरला याचं ऑपरेशन होतं. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये, मग पाय धरेल. पुंजाजीनं माझ्यावर थाप मारली. "पट्टा हाय ना डॉक्टरसाहेब. तीन महिने कोन बसते?"

मी फुगलो. खरं तेच सांगतो. छप्पन्न साली तो दीक्षेला नागपूरला गेला तेव्हा पांढऱ्या धोतराखाली मीच होतो. त्या गर्दीत तो दिवसभर उभा राहिला, पाय एकदाही कलंडला नाही. गावी येऊन बायकोला, जाईबाईला म्हणाला, "यानं उभं ठेवलं मले." पण मी पाय धरला म्हणून पायानं स्वतःला धरणं सोडलं, हेही मला कळत होतं. पोटरी वाळत चालली होती. बक्कल दर वर्षी एकेक भोक आत जायचं. कळून मी काय केलं? धरून राहिलो. पट्ट्याला दुसरं येतं काय!

सत्तावन्न सालचा हिवाळा. जिन जोरात. पुंजाजी कामावरून येताना नाल्यात घसरला आणि मी चिंब भिजलो. सकाळी कामावर तर जायचंच होतं. जाईबाईनं मला चुलीपाशी ठेवलं, लवकर वाळावा म्हणून. तिचं काय चुकलं? ओलं लुगडं आपण चुलीपाशी धरतो, ओला पट्टाही धरला. पण चामडं लुगडं नसतं. वरून मी कोरडा दिसलो, आतून भाजलो होतो. कुरकुरीत झालो होतो पापडासारखा.

त्या दिवशी बोरा तोंडापर्यंत भरत आला होता. पुंजाजी वर, कडेला, तुडवत होता. त्याचा पाय बाहेर कलंडला. नेहमीसारखा भार माझ्यावर आला. आणि मी तुटलो.

बक्कलाच्या भोकातून फाटलो. तो कडेवरून खाली फरशीवर डोक्यावर पडला. मी रुईत पडलो. वरून आणखी रुई आली. त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी तिथंच गेला. मी चौथ्या दिवशी सापडलो, बोरा रिकामा करताना.

लोकांनी काय ठरवलं? पट्टा बोऱ्यात सापडला, म्हणजे पुंजाजीनं काढून ठेवला होता. फाटला कसा? हमालाचा पोती ओढायचा आकडा लागला असेल. झालं. जाईबाईनं मला उराशी धरलं आणि म्हणाली, "हा बांधला असता तं वाचला असता वं माय माहा मानूस."

ज्यानं सोडलं त्यालाच तिनं राखणदार केलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळा ठोकला, त्यावर मला टांगलं. दर पौर्णिमेला तेल लावायची. तेलानं चामडं मऊ राहतं, आणि आकारही राहतो. जिनाचा भोंगा झाला की त्या खळग्यात कोणीतरी पाय घालतं. रिकाम्या खळग्यात. मला हाड टोचतं. मी आवळायला जातो, आणि आवळायला काही नसतं. नऊ वर्षं रोज सकाळी हेच.

पुंजाजीची पोरगी मनकर्णा. शिकली, सरकारी नर्सबाई झाली. धामणगावच्या आसपासची सात गावं तिच्याकडे, बाळंतपणाची. पायी फिरायची. पावसात काळी माती चपला ओढून घेते, त्या हातात घेऊन चालायची. आणि घोटा मुरगळायचा. उजवाच. बापाची चाल पोरीत उतरते, तसा पायही उतरला म्हणा.

सहासष्ट सालच्या श्रावणात ती एका बाळंतपणाला निघाली होती. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पाय कलंडला, आणि उभंच राहता येईना. तासाभरानं एक बैलगाडी आली. ती त्या घरापाशी उतरली तेव्हा आतून बाळाचं रडणं यायला हवं होतं. आलं नाही. बाई वाचली, लेकरू गेलं. मनकर्णा घरी आली, माझ्याखाली भिंतीला टेकून बसली आणि दोन दिवस जेवली नाही.

मग ती नागपूरला डॉक्टरला दाखवून आली. आईला सांगताना मी ऐकलं. हाडाला भोक पाडतात, शेजारचीच एक शीर त्यातून ओवून घेतात, घट्ट बांधतात. मला वाटलं, हे तर गोवर्धनचंच काम झालं की! पण डॉक्टर पुढं बोलला होता. घोटा घट्ट होईल, पण पूर्ण वाकेल असं नाही. उकिडवं बसणं कदाचित जाईल.

"मी म्हटलं, मंग बाळंतपन कसं करू? तं म्हनते, खुर्ची घ्या," मनकर्णा सांगत होती. "बाई जमिनीवर, अन् मी खुर्चीवर! लेकरू काय चहा प्याले येऊन रायलं का?"

"नोको करू," जाईबाई म्हणाली. "दवाखान्यात गेलेला मानूस घरी येत नाई."

"नाई केलं तं चालता येत नाई. केलं तं बसता येत नाई. सांग मले, काय करू?"

जाईबाई उठली. मला खिळ्यावरून काढलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं. "तुह्या बापाचा हाय. त्यानं एक दिवस नाई बांधला अन् गेला. तू रोज बांधजो. अकोल्याले जाऊन शिवून आन."

मनकर्णानं मला घोट्याला लावून पाहिलं. ते हाड बरोब्बर खळग्यात बसलं. नऊ वर्षांनी खराखुरा पाय, गरम. मला ओरडावंसं वाटलं. नको, मला नको बांधू. पण तिचा चेहरा खुलला. चालताही येईल, बसताही येईल, कापायलाही नको. असाच चेहरा मी आधी पाहिला होता, डॉक्टरच्या खोलीत, माझ्यावर थाप पडली तेव्हा.

धामणगावचे रूळ एकीकडे अकोल्याला जातात, दुसरीकडे नागपूरला. ती मला पिशवीत घालून अकोल्याच्या गाडीत बसली.

गोवर्धन आता पार वाकला होता. टांग्यांचं काम कमी झालेलं, पिशव्यांचे बंद शिवत बसला होता. मला हातात घेताच म्हणाला, "पुंजाजीचा. चारा नाई मागत म्हने." मग फाटलेली कड उन्हात धरली, नखानं खरवडली.

"आकडा लागला होता काकाजी. हमालाचा," मनकर्णा म्हणाली.

"कोन म्हने?"

"सारेच म्हनत."

"आकड्यानं चिरते पोरी. हे चिरलेलं नाई, ताणून फाटलेलं हाय. हे भोक पाह्य कसं लांबट झालं. आंगाचा भार आल्याबिगर असं होत नाई." त्यानं मला वाकवलं, कड करकरली. "अन् जाळाजवळ वाळवलं हे कोनीतरी. जीव गेला होता याचा."

तिनं ते लांबट भोक स्वतःच्या बोटानं चाचपलं. "म्हंजे बाबांनी बांधला होता?"

"बांधलेलाच होता."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"शिवून देऊ का?" गोवर्धननं विचारलं. "देतो. पन ऐक. मी बाहेरून बांधू शकतो. आतलं तुटलेलं माह्यानं शिवत नाई."

"नोका शिवू," ती म्हणाली, आणि मला तसंच फाटकं पिशवीत टाकलं.

घरी आईला तिनं एवढंच सांगितलं, "माय, बाबा बांधूनच चढले होते. पट्टा तुटला." जाळाचं बोलली नाही. गिळून टाकलं. शहाणी पोरगी.

जाईबाई पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी करपली तरी हात हलला नाही. चुलीकडे बघत म्हणाली, "इथीसाच ठेवला होता मी. वाळाले."

"माय, तसं नाई..."

"चूप राय." करपलेली पोळी उतरवून म्हणाली, "तू जा नागपूरले. याच्या भरवशावर राहू नोको."

मनकर्णा गेली. मी खिळ्यावर परत. तीन महिने या घरात आम्ही दोघंच होतो, जाईबाई आणि मी. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक. एका घरात असे दोघं राहू नयेत.

मनकर्णा चालत आली. स्टेशनावरून पायी, हातात पिशवी. घोटा धरतो आता. आल्याबरोबर उंबऱ्यात उकिडवं बसून पाहिलं तर टाच दोन बोटं वर राहिली. तोल जाऊन मागं पडली, आणि तशीच पडल्या पडल्या हसली. आता पिशवीत लाकडाचा एक चपटा तुकडा ठेवते, टाचेखाली सरकवायला. परवाच एका बाळंतपणाहून आली, तेव्हा आईला म्हणाली, "पोट्टं असं कोकललं, गाव उठलं!" तान्ह्या लेकराची बोटं मोजावीत तसं मी तिचं एकेक पाऊल मोजतो ती निघते तेव्हा. एकही पाऊल कलंडत नाही. माझी तिला गरज नाही, आणि हे बरं झालं.

पण माझं संपलेलं नाही. जाईबाई आजही पौर्णिमेला मला खाली घेते, तेल लावते. आधी राखणदार म्हणून लावायची. आता कशासाठी लावते ते मला ठाऊक आहे, तुम्हीही समजलाच असाल. भोंगा वाजतो, खळग्यात पाय येतो, मी आवळतो.

ऐकणाऱ्यांनो, कोणी धामणगावकडे गेलात तर तिला सांगा. म्हणावं, बाई, तेल लावणं बंद कर. मला कडक होऊ दे, तडकू दे, हा खळगा मोडू दे. त्यालाही जाऊ दे आणि तूही सूट.

ती ऐकायची नाही. काल मनकर्णानंच म्हणून पाहिलं, "माय, फेक ना आता तो."

जाईबाईनं तेलाचा अंगठा त्या खळग्यात ठेवला, दाबला, तसाच राहू दिला.

"फेकू कसा? पाय हाय ना त्याचा याच्यात."