तिसरी खाच

"दोन्ही शॉकअप एकदम कशाला खोललंस भिमादा? एक काढायचं, तितं नवं बसवायचं, मग दुसरं. आता टेकलं का चाक भुईला!"

चुलतभाऊ झुंबर भिंतीला पाठ लावून हसत होता. अंगणात मोटारसायकल स्टँडवर उभी होती आणि तिचं मागचं चाक खाली लोंबून मातीत बसलं होतं.

भिमानं पाना आपटला. "हसतूस काय? धर की जरा."

"कालच ट्रॅक्टरवरनं उतरताना कंबर धरलीया. तोंडानं म्हणशील ती मदत करतो."

मेंढरं मोडली तेव्हापासून, बारा वर्षं, भिमा या गाडीवर घोंगडी विकत फिरला होता. आज इंदापूर, उद्या कळंब, परवा बारामती. पुढे तो, मागे बायको प्रयागबाई, तिच्यामागे गठ्ठा. गाव, वरकुटं, मागे पडलं की तिला गळा फुटायचा.

*वरकुट्याच्या वाटंवरी, काटंकुटं बाई किती*
*धन्याच्या पाठीमागं, मला कशाची गं भीती*

स्प्रिंग कमीजास्त ताठ करायला शॉकअपला खाली तीन खाचा असतात. पहिली एकट्या माणसाची, दुसरी दोघांची, तिसरी ओझ्याची. भिमाची गाडी बारा वर्षं तिसऱ्या खाचेवरच पळाली.

आता जुन्या शॉकअपांतलं तेल गळून गेलं होतं. गेल्या गुरुवारी बारामतीच्या दवाखान्यातून येताना प्रत्येक खड्ड्याला प्रयागबाईची नखं त्याच्या खांद्यात रुतली होती. पोटातलं दुखणं. एसटीच्या गर्दीत उभं राहवत नाही, गाडीवर बसवत नाही. उतरल्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "आता म्या न्हाय यायची. जे व्हायचं ते हितंच होऊ द्या."

उद्या पुन्हा गुरुवार. भिमाच्या पोटात सकाळपासून घोटभर पाणी नव्हतं. तो उठे, बसे, पाना शोधे आणि पाना त्याच्याच हातात असे. एका हाताने चाक उचलायचं, दुसऱ्याने बोल्ट सारायचा. भोक दोन बोटं खालीच राही.

"व्हा बाजूला," दारातून आवाज आला. चौकट धरत प्रयागबाई बाहेर आली होती.

"तू उठू नगंस."

"गप ऱ्हावा. उचला चाक दोनी हातानं."

न विकलेल्या गठ्ठ्यातलं एक काळं घोंगडं तिनं काखेत आणलं होतं. त्याची घडी तिनं पायानं चाकाखाली सारली. अजून एक घडी. अजून एक. चाक वर वर आलं आणि बोल्ट सुळकन आत गेला.

"चार बाजार फिरून इकलं न्हाय," ती धापा टाकत म्हणाली, "आज कामाला आलं बाई."

झुंबर म्हणाला, "वैनी, तुमीच मेस्त्री व्हा. ह्यो घोंगडी इकंल."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

दोन्ही बाजू आवळून झाल्या. भिमानं सवयीनं तिसरी खाच लावली, गाडी स्टँडवरून उतरवली आणि पुढे बसला. "बस बघू."

झुंबर मागे वाकून स्प्रिंगकडे बघत होता. "वैनी, टेका की नीट. पुरत्या बसला न्हाईत तुमी."

"बसलीया की."

स्प्रिंग तसूभरही दबली नव्हती.

झुंबर सरळ झाला. पुढे येऊन त्यानं हँडल धरलं. भिमा उतरला, पाना घेऊन चाकाशी बसला. खाच तिसरीवरून दुसरीवर आणली. हातानं सीट दाबून पाहिली. मग आणखी फिरवली.

"अरं, ती तर एकट्याची..." झुंबर म्हणाला आणि थांबला.

"काय करताय वो?" वरून प्रयागबाईनं विचारलं.

"काय न्हाय. मऊ करतोय. दणकं बसायचं न्हाईत."

तिनं बसल्या जागी अंग जरा हलवून पाहिलं. गाडी हळूच खाली गेली, हळूच वर आली.

"आता बरं हाय," ती म्हणाली. "उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला."

मान वर न करता तो दुसऱ्या बाजूला सरकला आणि तीही खाच पहिलीवर आणून ठेवली. मग चाकाजवळचं घोंगडं उचलून त्यानं झटकलं. टायरचा ठसा काही निघाला नाही. त्यानं ते उलटं केलं आणि चौपदरी घडी घालू लागला, तिच्या बसायच्या जागेएवढी.