विलायतेचं औक्षण

सुनंदाचा विद्याधर केंब्रिजला निघाला, आणि त्याला ओवाळायचं वनमालेने. कारण सुनंदा विधवा. मुलुंडच्या त्या चाळीत एकोणीसशे चौपन्न साल उजाडलं होतं, पण विधवेने स्वतःच्या मुलाला ओवाळायचं साल अजून उजाडायचं होतं.

"शेजारची सवाष्ण तूच ना गं," सुनंदाच्या सासूबाई म्हणाल्या. "शिवाय तुझा श्यामकांत नि आमचा विद्याधर एकाच वर्गातले."

तेच तर दुखणं होतं. दोघेही गणितात पहिल्या वर्गात आले, दोघांनीही शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. मिळाली एकालाच.

"दोन नि दोन तिकडे पाच होतात का रे?" आदल्या दिवशी तिने श्यामकांतला विचारलं होतं.

"नाही गं आई. पण इथे आम्ही ज्यांची पुस्तकं वाचतो ना, तिकडे ती माणसंच वर्गात येऊन शिकवतात."

त्या दिवशी भाजी जरा जास्तच तिखट झाली.

विद्याधर पाटावर बसला. वनमालेने निरांजन पेटवलं, कुंकवात बोट बुडवलं आणि सहज वर पाहिलं. खुंटीवर विद्याधरचा नवा ओव्हरकोट होता. कुणाचं लक्ष नाहीसं पाहून श्यामकांतने त्याच्या बाहीत हात घातला, बोटं पलीकडून बाहेर येईपर्यंत नेला, आणि हळूच काढून घेतला.

तिचं बोट कुंकवातच राहिलं. या मुलाचं भलं होवो, असं काही केल्या मनात येईना. आणि खोटं ओवाळणं जमेना.

"सुनंदा, बाहेर ये. मुलगा तुझा, तूच ओवाळ."

"अगंबाई! असं कुठे असतं का?" सासूबाई म्हणाल्या.

"इथे असतं!" वनमाला खेकसली, आणि दाराआडच्या सुनंदाच्या हातात तिने तबक जवळजवळ कोंबलंच.

सुनंदाने ओवाळलं. बायका कुजबुजल्या, "काय मोठ्या मनाची बाई गं!" वनमालेचे यजमान तर असे कौतुकाने पाहू लागले, की तिला घरी पळून जावंसं वाटलं.

विद्याधर तिच्याही पाया पडला. "काकू, पुढच्या वर्षी श्यामला परत अर्ज करायला लावा हं."

"लावते की," ती म्हणाली. आवाज जरा कोरडाच आला.

टॅक्सी आली तसे सगळे खाली धावले. सुनंदा तेवढी रिकाम्या पाटासमोर तबक धरून उभी. डोळे गळत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"चल गं, पोरगं निघालं," म्हणत वनमालेने आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. पुसता पुसता तिला त्या रडण्याचाही हेवा वाटला.