आखाजीची गार मोटार

यावलच्या एसटी स्टँडमागे भटूचं जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, रिवायंडिंगचं दुकान होतं. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, पाणी उपसणाऱ्या. मे महिन्यात केळीचं पाणी दोन दिवस चुकलं की बाग माना टाकते, म्हणून उन्हाळाभर भटूला जेवायलाही फुरसत मिळायची नाही. अशा माणसाच्या दारात जीवरामभाऊंनी एके दिवशी चार चाकांची मोटार आणून उभी केली, तेव्हा दुकानात बसलेल्यांना हसू आवरेना.

हे १९९४ सालचं. जीवरामभाऊ केळीचे मोठे बागायतदार. मुंबईच्या कुण्या साहेबानं बारा वर्षं वापरलेली पांढरी गाडी त्यांनी त्या हिवाळ्यात घेतली होती, आणि घेतली ती केवळ तिच्यात एसी होता म्हणून. एसी हवा होता तो आईसाठी.

त्यांची आई मंजुळाबाई पंचाहत्तरीच्या. माहेर धुळ्याचं, देवपूरचं. साठ वर्षं यावलात काढली तरी बोली माहेरचीच राहिली होती. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, थोरल्या भावाकडे, मगननानांकडे जायचं, अंगणातल्या झोक्यावर बसायचं, हा त्यांचा वर्षाचा सण. पण दोन वर्षांपूर्वी एसटीत एरंडोलजवळ त्यांना ऊन लागलं. शुद्ध हरपली, दोन दिवस सलाईन चढलं, आणि डॉक्टरांनी उन्हातला प्रवास कायमचा बंद केला. ती आखाजी हुकली, पुढचीही हुकली. मगननानांचे गुडघे गेलेले, त्यांना यावलपर्यंत येववत नव्हतं. भाऊ-बहिणीची भेट उरली ती पोस्टकार्डावर.

गाडी मात्र फसवी निघाली. अंगणात उभी असली की गारेगार, रस्त्याला लागली की अर्ध्या तासात नुसती वाफ. जळगावच्या एका गॅरेजवाल्यानं दोनदा गॅस भरला, स्विच बदलला, आणि तिसऱ्यांदा सांगितलं की कॉम्प्रेसरच गेला, मुंबईहून नवा मागवा, महिना लागेल. आखाजी आठ दिवसांवर आली होती.

"भटूभाऊ, ही काही मळ्यातली मोटार नाही, मले ठाऊक आहे," जीवरामभाऊ म्हणाले. "पण आता मी दुसऱ्या कोनाकडे जाऊ?"

भटूनं बॉनेट उघडायला लावलं. आतल्या निम्म्या गोष्टी त्याला ओळखूही येईनात. त्यानं जीवरामभाऊंना गाडी चालू करून एसीचं बटण दाबायला सांगितलं. टक्‌ असा आवाज झाला आणि इतका वेळ गप्प असलेली कॉम्प्रेसरच्या तोंडावरची लोखंडी चकती मागच्या पुलीला चिकटून फिरायला लागली. भटूचा चेहरा उजळला. हा आवाज त्याच्या घरचा होता. विहिरीवरच्या स्टार्टरमध्येही कॉइलला वीज मिळाली की ती लोखंड ओढून घेते, असाच टक्‌ वाजतो. चकती ओढली तर गार हवा, सुटली तर नुसता पंखा. बाकीचं यंत्र कळलं नाही तरी चालण्यासारखं होतं.

मग तो वायरीच्या मागावर निघाला. फ्यूज बसवायच्या खाचेत हिरवी बुरशी धरली होती. ती त्यानं पॉलिश पेपरनं घासली, पत्रे चिमट्यानं आवळले. संध्याकाळी दोघं फैजपूरपर्यंत फेरी मारून आले, गार हवा शेवटपर्यंत टिकली. जीवरामभाऊंनी स्टँडवर उभ्या असलेल्या सगळ्यांना चहा पाजला आणि भटूला बजावलं की धुळ्यापर्यंत तुम्हीही सोबत यायचं. भटूच्या दुकानात सात मोटारी पडून होत्या. तरी तो हो म्हणाला. चारचौघांत झालेलं कौतुक त्याला गोड लागलं होतं.

आखाजीच्या दिवशी घरातली घागर पुजल्याशिवाय मंजुळाबाई उंबऱ्याबाहेर पडणार नव्हत्या. पितरांना आमरसाचं पान वाढून, सगळ्यांना जेवायला घालून निघेपर्यंत साडेअकरा झाले. काचा वर केल्या आणि गाडी निघाली. तापी ओलांडली, जळगाव गेलं. मंजुळाबाई मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर भावासाठी सांजोऱ्यांचा डबा. एरंडोल आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात जोडले. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही.

एरंडोल मागे टाकून दहा मैल झाले असतील. भटूच्या मनगटावर येणारा गार झोत आधी कोमट झाला, मग गरम. त्यानं बटण बंद करून पुन्हा दाबलं. टक्‌ वाजलाच नाही. काचा खाली केल्या तर बाहेरून भट्टीसारखा वारा आत आला. पाच मिनिटांत मंजुळाबाईंचा चेहरा लालबुंद झाला आणि त्या बोलायच्या थांबल्या.

जीवरामभाऊंनी गाडी एका निंबाखाली घेतली. शेजारच्या मळ्यातून ताईबाई नावाची एक बाई पाण्याची कळशी घेऊन धावत आली. तिनं म्हातारीला मळ्यातली खाट आणवून तिच्यावर निजवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, कांदा फोडून हुंगायला दिला. थोड्या वेळानं मंजुळाबाईंनी डोळे उघडले. जीवरामभाऊ हळूच म्हणाले की ऊन उतरलं की परत फिरू. भटूला ते एक शब्दही वाकडा बोलले नाहीत, आणि तेच भटूला जास्त लागलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला भर उन्हात इथवर आणलं ते आपल्या भरवशावर, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो बॉनेटपाशी गेला. इंजिन चालू, पुली फिरतेय, चकती मात्र ढिम्म. त्यानं पिशवीतून बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. एक टोक कॉइलकडे येणाऱ्या वायरीला लावलं, दुसरं कॉम्प्रेसरच्या अंगाला. बल्ब लागला, पण निखाऱ्यासारखा तांबडा, मेलेला. वीज कमी येतेय, असं वाटून तो फ्यूजकडे वळणार होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पहिलं टोक तसंच ठेवून त्यानं दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवलं. बल्ब लख्ख पेटला.

भटू तिथंच उकिडवा बसला. वीज येत होती, पुरेपूर येत होती. तिला परत जायची वाट नव्हती. कॉइलमधून निघालेली वीज लोखंडी अंगातून बॅटरीला पोचायला हवी, ती मध्येच अडत होती. त्यानं कॉम्प्रेसरचा पाया चाचपला. विकायच्या आधी साहेबानं गाडी आतून-बाहेरून रंगवून घेतली होती. अर्थिंगचा स्क्रू जिथं बसायचा, तिथंही रंगाचा जाड थर होता. सकाळी कॉइल थंड असेपर्यंत त्या थोडक्या विजेवर चकती कशीबशी ओढली जायची. दुपारी कॉइल तापली की तिचा जोर कमी पडायचा आणि चकती सुटायची. फैजपूरची फेरी संध्याकाळी मारली होती, म्हणून तेव्हा फसलो, हेही त्याला तेव्हाच कळलं.

"कॉम्प्रेसर धडधाकट आहे, भाऊ," तो म्हणाला. "अर्थिंग नाही पोचत. दहा मिनिटं द्या."

चाकूनं त्यानं रंग खरवडला, आतलं पांढरं लोखंड दिसेपर्यंत. पिशवीत पंपाच्या केबलचा हातभर तुकडा होता. तो स्क्रूखाली आवळून त्याचं दुसरं टोक बॅटरीला बांधलं. तापलेल्या लोखंडानं दोन बोटं भाजली, त्याचं त्याला भान नव्हतं. मग त्यानं जीवरामभाऊंना बटण दाबायची खूण केली.

टक्‌.

इतका ठणठणीत टक्‌ त्या गाडीतून आजवर आलाच नव्हता. तरी भटूनं घाई केली नाही. निंबाखाली अर्धा तास गाडी चालू ठेवली, इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून रेडिएटरवर दोनदा पाणी मारलं. चकती सुटली नाही. ताईबाईनं आत हात घालून पाहिला आणि पटकन बाहेर काढून दुसऱ्या हातानं चोळला. मग सगळ्यांनी मिळून म्हातारीला उचलून आत बसवलं.

पारोळा आलं आणि गेलं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. मागून बराच वेळ काही आवाज येईना, म्हणून भटूनं काळजीनं वळून पाहिलं. मंजुळाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला होता.

"माले हिव लागी राहिनं," त्या म्हणाल्या.

जीवरामभाऊंनी आरशातून आईकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेनासं झालं. मे महिन्यात, धुळ्याच्या रस्त्यावर, त्यांच्या आईला थंडी वाजत होती. एसी कमी करू का, असं त्यांनी विचारलं. राहू दे, म्हणत मंजुळाबाईंनी डबा उघडला आणि भावासाठीच्या सांजोऱ्यांतली एक भटूच्या हातात ठेवली. भाजलेल्या बोटांनी त्यानं ती कशीबशी धरली.

देवपूरला पोचले तेव्हा अंगणातल्या झोक्यावर गल्लीतल्या पोरीबाळी गाणी म्हणत होत्या. मगननाना दोन काठ्या टेकत ओसरीतून बाहेर आले. बहिणीनं उतरावं म्हणून त्यांनी दार उघडलं, आणि आतली गार हवा त्यांच्या अंगावर आली. ते तसेच दाराशी उभे राहिले.

"भाऊ, तूच मझार ये," आतून मंजुळाबाई म्हणाल्या.

नाना आत बसले. भटूनं त्यांचे पाय उचलून नीट आत ठेवले आणि दार लावून घेतलं. तीन वर्षांचं बोलणं साचलं होतं. काचेतून काही ऐकू येत नव्हतं, नुसती दोन पांढरी डोकी हलताना दिसत होती. मध्येच एक डोळे पुसायचं, मध्येच दुसरं हसायचं. नानांच्या सुनेनं आमरसाच्या वाट्या खिडकीतूनच आत दिल्या. पोरींनी झोका सोडून गाडीभोवती कडं केलं आणि काचेला गाल लावून बघितलं.

ऊन कलेपर्यंत दोघंही बाहेर आले नाहीत. पेट्रोल पुरेल का, ही जीवरामभाऊंची काळजी होती, पण ती बोलून दाखवायचं धाडस त्यांना होईना. भटूनं मात्र अंगणातल्या निंबाच्या सावलीत खाट टाकून घेतली. बोटांना तूप लावलं होतं, पोट आमरसानं भरलं होतं. दर वीस मिनिटांनी तो उठायचा, रेडिएटरवर तांब्याभर पाणी ओतायचा, चकतीकडे एक नजर टाकायचा आणि पुन्हा येऊन आडवा व्हायचा.