स्थिर काटा

“ह्यो काटा लेकराचं वजन खातोय,” आक्काबाई माझ्या अगदी तोंडाशी तोंड आणून पुटपुटल्या. “गेल्या खेपेला एवढंच, आन आज बी एवढंच. मंग म्या राजीला एवढं अळीव खाऊ घातलं, ते गेलं कुठं?”

मित्रांनो, हे गाऱ्हाणं माझ्याबद्दल होतं. तान्ह्या बाळांना झोळीत घालून ज्याच्या आकड्याला अडकवतात, तो गोल तोंडाचा, स्प्रिंगचा वजनकाटा म्हणजे मी. वजन कमी भरलं की मी खाल्लं, आणि जास्त भरलं की आजीने खाऊ घातलं. माझ्या आयुष्याचा हिशेब असाच चालत आला आहे.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं ते ठाऊक नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? आठवतं ते भोरजवळचं उत्रोली गाव. तिथल्या बाळ-बाळंतिणींची देखभाल करणाऱ्या आशाताई रतनबाई मला पिशवीत घालून घरोघर फिरायच्या. भातलावणीच्या दिवसांत बाळंतीण रानातल्या खोपटात असली, तर आंब्याच्या फांदीला मला टांगायच्या. तेव्हाची माझी बाळं आता मोटारसायकली उडवतात आणि मला ओळखत नाहीत. असू द्या. पण बायका म्हणायच्या, “रतनबाय, तुमच्या काट्यात लेकरू रडत न्हाई,” तेव्हा माझी स्प्रिंग नाही म्हटलं तरी जरा ताणली जायची.

पुढे सेलवर चालणारा नवा काटा आला. त्यात लाल आकडे उमटत. मग मी रतनबाईंच्या दारामागे खिळ्याला लटकलो. त्या माझ्यावर लसूण तोलायच्या. लसणाबद्दल माझी तक्रार नाही, पण लसूण हातपाय झाडत नाही, मूठ उघडून आकड्याला धरू बघत नाही.

रतनबाईंची भाची स्वप्नाली वेल्ह्याकडच्या एका धनगरवाडीची आशाताई झाली, तेव्हा माझं नशीब पालटलं. एसटी डोंगराच्या पायथ्याशी थांबते, पुढे पायवाट. तिथल्या धुक्यात नव्या काट्याच्या सेलला गंज चढला, आणि स्वप्नालीने मावशीकडून मला मागून नेलं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काटा थरथरत असेपर्यंत वजन वाचायचं नसतं. बाळ रडतं, वळवळतं. अगदी गाढ झोपलं तरी श्वास घेतं, आणि माझा काटा केसभर का होईना हलत राहतो. तो स्थिर व्हायची सगळे वाट बघतात. जन्मभर मला हेच शिकवलं: स्थिर काटा तो खरा काटा.

त्याच वाडीतल्या आक्काबाईंचा नातू आठव्या महिन्यातच जन्मला होता. भोरच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टर म्हणत होते, अजून थांबा. पण आक्काबाईंना ती पेटी बघवेना. “लेकरू आयच्या कुशीत ऱ्हातंय, का भांड्यावानी कपाटात?” असं म्हणून त्यांनी मुलाला, दत्ताला, सही करायला लावली आणि बाळ घरी आणलं. सुनेचं नाव राजनंदिनी. ते आक्काबाईंच्या तोंडात मावत नसे, म्हणून राजी.

स्वप्नाली पहिल्यांदा आली, तेव्हा मला चौकटीला टांगून तिने बाळ झोळीत ठेवलं. काटा थरथरला आणि मग एकदम थांबला. “किती गुणाचं बाळ,” ती खूश होऊन म्हणाली. “लगेच वाचता आलं वजन.” तिने आकडा टिपेपर्यंत काटा पुन्हा हलू लागला. मला मात्र चुकल्यासारखं वाटलं. इतकं स्थिर कुणी राहत नाही. लसूण राहतो.

मग तिने नेहमीचं विचारलं, “झोपेत श्वास बिस थांबतो का हो याचा?”

राजनंदिनीने सासूकडे पाहिलं. आक्काबाई म्हणाल्या, “न्हाई बाय. जरा विसावतो, एवढंच.”

“मग चांगलं आहे,” स्वप्नाली म्हणाली. विसावणं वाईट थोडंच असतं? दोन-तीन दिवसांत पुन्हा यायचंच होतं, म्हणून ती मला तिथेच ठेवून गेली.

चौकटीवरून मला सगळं घर दिसत होतं. बाळ झोपलं की राजनंदिनी त्याच्या छातीकडे टक लावून बसायची. छाती भराभर हलायची, मग थांबायची. ओठांशी निळसर छटा यायची. ती पटकन त्याच्या तळव्यावर टिचकी मारायची, आणि बाळ दचकून श्वास घ्यायचं.

“आत्या, ह्याचा श्वास...” ती एकदा म्हणू लागली.

“गप,” आक्काबाई म्हणाल्या. “ते तोंडातनं काढायचं न्हाई. लेकराच्या कानावर पडतं. विसावतो म्हण.”

शेजारच्या ठकुबाई आल्या, त्याही म्हणाल्या, विसावतो. दत्ता मेंढरांमागून आला की दारातूनच विचारायचा, “किती येळा विसावला?” एकदा तर ठकुबाईंचा म्हातारा ओट्यावर पेंगताना दिसला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमचा बी विसावलाय,” आणि सगळ्या हसल्या. राजनंदिनी हसली नाही.

मित्रांनो, आशाताईंच्या शिबिरात मी पिशवीत पडून पुष्कळ ऐकलं आहे, त्यातलं थोडं सांगतो. तुम्ही आत्ता हे वाचताय, तर तुमचा श्वास कोण घेतंय? तुम्ही तर विसरला होतात. मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी एक राखणदार बसलेला असतो. रक्तात खराब हवा साठली की तो हाक देतो, आणि छातीचा भाता हलतो. तुम्ही झोपलात तरी तो जागा असतो. आईच्या पोटात बाळाला हवा आईच्या रक्तातूनच मिळते, त्यामुळे तिथे राखणदार नुसता सराव करतो. जन्माला आल्याबरोबर मात्र त्याला खरं काम लागतं. पुरे दिवस भरलेल्या बाळाचाही राखणदार मधूनच क्षणभर थबकतो. रंग न बदलता बाळ लगेच श्वास घेऊ लागलं, तर घाबरायचं कारण नसतं. पण लवकर आलेल्या बाळाचा राखणदार कच्चा असतो, मचाणावरच डुलकी घेतो. आणि गंमत म्हणा की काळजी, हवा कमी पडली की आपला राखणदार ओरडून उठतो, तर हा उलट आणखी मलूल होतो. बाहेरून पाठ चोळली, तळव्याला टिचकी मारली की जागा होतो. पण आई किती टिचक्या मारणार? तिलाही झोप लागतेच. असा थबकणारा श्वास लांबला, किंवा अंग निळं, लुळं पडलं, तर दवाखानाच गाठावा लागतो.

तुम्ही काळजीत पडू नका, म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो. ते बाळ आता चुलीकडे रांगत जातं आणि आक्काबाईंच्या शिव्या खातं. स्वप्नाली दुसऱ्यांदा वजन करायला आली, त्या दिवशी तिने पाठ चोळत चोळतच त्याला खाली नेलं, दत्ताने दुधाचा टेम्पो अडवला आणि ते भोरला पोचले. तिथे राखणदाराला जागं ठेवायला औषध दिलं. कॉफीत तरतरी आणणारं जे असतं ना, तेच, थेंबांत मोजून. आक्काबाई अजून सांगतात, “आमच्या नातवानं दुदाआधी कापी पिली.” काही आठवड्यांत राखणदार पिकला आणि औषध बंद झालं.

माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. घरात तान्हं बाळ असेल, तर त्याच्याकडे नीट बघा, आणि जे दिसेल त्याला त्याच्याच नावाने हाक मारा. गोड नाव दिलं की घरच्यांना धीर येतो खरा, पण आशाताईला काही कळत नाही. ऐकणारा माणूस शब्दावरच तर चालतो. मला बोलता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्यांनी बोलायचं होतं.

आणि ते कसं बोललं गेलं, एवढंच आता उरलं.

त्याच दिवशी, वजन खातो म्हणून मला बोल लावल्यावर आक्काबाई बाजूला झाल्या नाहीत. माझी लबाडी पकडायला त्या काट्यावर डोळा लावूनच उभ्या राहिल्या. बाळ झोळीत झोपलं होतं. काटा थरथरत होता. मग थांबला.

“झाला स्थिर,” स्वप्नाली म्हणाली आणि लिहायला खाली वाकली.

राजनंदिनी चुलीपाशी पेज ढवळत होती, तिचा हात बाळाच्या तळव्यापर्यंत पोचणार नव्हता. काटा हलेना. आक्काबाईंनी काट्याकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ ‘वि’ म्हणायला हलले, ते मला दिसलं. मग त्यांनी स्वप्नालीचा लिहिता हात धरला.

“वजन ऱ्हाऊ दे, पोरी,” त्या म्हणाल्या. “त्याचा श्वास थांबलाय. रोज थांबतोय.”