नाल्याच्या वळणावरचा सत्कार

गुलाबराव रोज संध्याकाळी म्हैस चारायला नाल्याच्या वळणावर जायचे. त्या वळणावर गवत नव्हतं. हे म्हशीला माहीत होतं, बायकोला, अन्नपूर्णाबाईंना माहीत होतं, गावालाही माहीत होतं. पण उभा जन्म एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या माणसानं ‘लेकीची वाट पाहतो’ असं चारचौघांत सांगायचं कसं? काजल सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. तिची स्कूटी वळणावर दिसली की गुलाबराव घाईनं म्हशीकडे तोंड फिरवायचे.

मग रस्ता रुंद झाला आणि वळणावर लोखंडी कठडा बसला. नवा, चकचकीत. काजलनं स्कूटी थांबवली.

“बाबा, आता रेलिंग लागलं. गाडी घसरली तरी नाल्यात नाई जात. तुमी कायले रोडवर उभे राह्यता? एखाद्या ट्रकनं उडवलं म्हंजे?”

“मी म्हशीसाठी येतो.”

“मंग म्हशीले सांगा, घरी गवत हाय.”

दुसऱ्या दिवशी गुलाबराव शेवटचं म्हणून गेले. चंद्रीनं, म्हणजे त्यांच्या म्हशीनं, नव्या कठड्याला अंग घासायला सुरुवात केली. कठडा हलला. तिनं जरा जोर लावला, तसा तो नम्रपणे मागे झुकला. चंद्री दचकली. इतका मान तिला आजवर कोणी दिला नव्हता.

गुलाबरावांनी वाकून पाहिलं. खांब जमिनीत हातभरही नव्हता. भोवती नुसती भुसभुशीत काळी माती. पोरगी या खेळण्याच्या भरवशावर वळण घेत होती.

कंत्राटदाराचा सुपरवायझर रोशन पोरगा तसा गुणी होता. गुलाबरावांनी गाठून विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही.

“काका, खाली दगड लागला. मंग खांब कापून बसवले. वरून तं सारखे दिसते ना?”

“दिसते बाबू. पण गाडी पाह्याले नाई येत, धडकाले येते.”

“कोणती गाडी येऊन राह्यली धडकाले?”

“माह्या पोरीची बी राहू शकते.”

रोशननं त्याच्या साहेबांना, म्हणजे कंत्राटदारांना फोन केला. साहेब म्हणाले, काम उत्तम झालं आहे, म्हशीला दूर ठेवा.

गुलाबराव चिडले नाहीत. ते थेट सरपंच प्रेमदासांकडे गेले. या गावात हापशी असो की विजेची डीपी, शाल-नारळ झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं कोणी मानत नाही.

“साहेबाचा सत्कार करा लागते, सरपंच. रेलिंगपाशीच.”

“तिथं काऊन? ग्रामपंचायतीत पंखा हाय.”

“काम तिथं हाय ना.”

साहेब इस्त्रीच्या शर्टात आले. शाल झाली, हार झाला, नारळ हातात आला. प्रेमदासांनी भाषणात कठड्याला पोलादी म्हटलं. मग फोटो. मोबाइल अन्नपूर्णाबाईंच्या हातात होता, आणि त्यांना माणसं कशी उभी करायची ते नवऱ्यानं नीट समजावलं होतं.

“साहेब, जरा मांगं टेका. फोटोत येऊन नाई राह्यले.”

साहेब टेकले. ते पाहून सरपंच टेकले. सरपंच टेकल्यावर उपसरपंचांना ताठ उभं राहणं बरं दिसेना. कठड्यानं चंद्रीला दिला होता तोच मान या मंडळींनाही दिला. सगळे शालीसकट हळूहळू आडवे होत उतारावर गेले आणि कुटारात, म्हणजे भुशाच्या मऊ ढिगात रुतले. गुलाबरावांनी सकाळीच तिथं गाडीभर कुटार पसरून ठेवलं होतं. म्हशीसाठी.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. नारळ तेवढा फुटला.

“अवो, फोटो मस्त आला!” अन्नपूर्णाबाई वरून म्हणाल्या.

कुटारातून साहेबांचा आवाज आला, “रोशन, हे खांब किती खोल आहेत रे?”

हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

मग मशीन आली. दगड फोडला, पुरते लांब खांब आत गेले. काम झाल्यावर रोशननं स्वतः फोन केला. “काका, म्हैस आणा.” चंद्रीनं एक कूस घासली, दुसरी घासली, शेवटी मान घासली. कठडा ढिम्म. ती समाधानानं रवंथ करत उभी राहिली.

तेवढ्यात स्कूटी आली. गुलाबरावांच्या लक्षात आलं, आता आपल्याला इथं यायला काहीच कारण उरलं नाही.

“म्हशीले रेलिंग तपासाले आणलं होतं,” ते म्हणाले.

“मंग? काय म्हणते?”

“पक्कं हाय म्हणते.”

“बरं झालं. चला घरी.”

गुलाबराव दावं गुंडाळू लागले. काजल त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं कठड्यावर हात दाबून पाहिला.

“पण बाबा, नटबोल्ट ढिले होतच राह्यते. रोजच तपासा लागन.”

“रोज?”

“हाव. फक्त रोडवर नाई. रेलिंगच्या मांगं, चांगले लांब उभे राह्यजा.”

गुलाबरावांनी घाईनं म्हशीकडे तोंड फिरवलं.